अत्तराला चंदनाचा आधार

सुगंधाच्या पेढीभोवती गुंफलेली एखादी झगमगीत दूरचित्रवाणी-मालिका पाहणाऱ्याच्या मनात या धंद्याचे जे चित्र उमटते, त्यात नक्षीदार काचेच्या कुप्या असतात, वारशासाठी एकमेकांवर उठलेले भाऊबंद असतात आणि आजोबांनी कुलपात जपून ठेवलेली एखादी गुप्त कृती हमखास असते. हे चित्र सर्वस्वी खोटे आहे असे म्हणता यायचे नाही. अत्तराच्या व्यवसायात घराणी आहेत, चुरस आहे, आणि बापाने मुलालाच तेवढे सांगावे असे पाठही आहेत. परंतु उत्तर हिंदुस्थानातील कनौज या गावच्या अत्तराचा इतिहास जो सावकाश वाचील, त्याला असे आढळून येईल की या व्यवसायाचे भाग्य फुलांनी ठरविले नाही आणि गुप्त कृतींनीही ठरविले नाही. ते ठरविले चंदनाच्या तेलाने, ज्याचा उल्लेख गुलाबाच्या वा मोगऱ्याच्या अत्तराचे नाव घेताना कोणी करीत नाही. गुलाब, केवडा, मोगरा, बकुळ ही ऋतुपरत्वे येणारी पाहुणेमंडळी. ज्या घरात ती उतरतात ते घर चंदनाचे.

कनौज म्हणजे प्राचीन कान्यकुब्ज. सातव्या शतकात सम्राट हर्षाची ही राजधानी होती, आणि ज्या चिनी यात्रेकरू ह्युएन त्संगाने तिचे वैभव वर्णिले त्यानेच हर्षाला नर्मदेपलीकडे येऊ न देणाऱ्या पुलकेशीच्या महाराष्ट्र देशाचेही वर्णन करून ठेवले आहे. पुढे प्रतीहार, पाल आणि राष्ट्रकूट या तीन घराण्यांनी या एका नगराच्या स्वामित्वासाठी पिढ्यानुपिढ्या शस्त्रे परजली. दहाव्या शतकाच्या दुसऱ्या दशकात राष्ट्रकूट तिसरा इंद्र दक्षिणेतून चालून गेला आणि त्याने कनौज काही काळ हस्तगतही केले. त्यानंतर गझनीच्या महमूदाची लूट, गाहडवालांचा पाडाव आणि १५४० साली शेरशहाने त्याच परिसरात हुमायूनाचा केलेला पराभव, अशा आघातांनी राजधानी म्हणून हे गाव संपले. साम्राज्य गेले तरी गंगाकाठची गाळाची जमीन राहिली, आणि त्या जमिनीत फुले पिकविणारी रयत व ती फुले शिजविणारे कारागीर राहिले. एवढ्या भांडवलावर या गावाने आपले नाव पुन्हा देशभर केले.

तथापि सुगंधाचे शास्त्र ऊर्ध्वपातनाच्या पात्राबरोबर जन्मास आले अशी समजूत कोणी करून घेऊ नये. वराहमिहिराने सहाव्या शतकात रचलेल्या बृहत्संहितेत गंधयुक्तीचे स्वतंत्र प्रकरण आहे, आणि त्यात सोळा द्रव्यांतून चार-चार द्रव्ये निवडली असता १८२० प्रकारची मिश्रणे संभवतात हे त्याने प्रस्ताराने काढून दाखविले आहे. द्रव्यांची प्रमाणे पालटली की ही संख्या कित्येक पटींनी वाढते, हेही त्याने सोडलेले नाही. ज्योतिषाच्या ग्रंथकाराने सुगंधाकडे गणिताच्या दृष्टीने पाहावे, यात मला त्या काळच्या विद्वत्तेची खरी प्रशस्तता दिसते. बाराव्या शतकात कल्याणीच्या चालुक्य राजा सोमेश्वराने ‘मानसोल्लास’ लिहिला, त्यात राजाच्या उपभोगांची गणना करताना विलेपन आणि धूप यांना त्याने सन्मानाची जागा दिली. गंगाधर नावाच्या ग्रंथकाराचा ‘गंधसार’ तर संपूर्णपणे याच विषयाला वाहिलेला आहे. भावन, पाचन, बोध, वेध, धूपन आणि वासन अशा सहा क्रिया तो सांगतो, आणि त्या वाचताना आपण एखाद्या रसशाळेत उभे आहोत असा भास होतो.

या गंधसाराबरोबर ‘गंधवाद’ नावाचा दुसरा एक ग्रंथ उपलब्ध झाला, ज्याच्या कर्त्याचे नाव कळत नाही, परंतु ज्यावर जुन्या मराठीत टीका आहे. ज्या भाषेत संतांनी अध्यात्म सांगितले त्याच भाषेत कोणी एका जाणत्याने कापूर, कस्तुरी, नखला, वाळा यांची मिश्रणे कशी साधावीत हे समजावून सांगितले, ही गोष्ट मराठी वाचकाने अभिमानाने लक्षात ठेवावी अशी आहे. तिच्याकडे विद्वानांचे लक्ष प्रथम वेधले ते पुण्याच्या भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिराचे क्यूरेटर परशुराम कृष्ण गोडे यांनी. हस्तलिखितांच्या याद्या करता करता या माणसाने घोड्याच्या रिकिबीपासून दिवाळीच्या फटाक्यांपर्यंत आपल्या नित्य व्यवहारातील वस्तूंचे इतिहास धुंडाळले, आणि हिंदी सुगंधशास्त्राच्या इतिहासाचा पाया आधुनिक काळात बहुतांशी त्यांच्याच निबंधांनी घातला. बडोद्याच्या प्राच्यविद्या मंदिराने १९८९ साली हे दोन्ही ग्रंथ छापून प्रसिद्ध केले. त्याआधी गोड्यांसारख्या एका कार्यालयीन जबाबदाऱ्यांनी वेढलेल्या संशोधकाने दफ्तराच्या गठ्ठ्यांतून ते उचलले नसते, तर सुगंधाच्या विद्येत मराठीचा काही वाटा आहे हे आपल्याला कळण्याचे साधन उरले नसते.

या जुन्या विद्येत मुख्य भर होता तो धुरीवर, लेपांवर आणि तिळाच्या थरांत फुले मुरवून काढलेल्या फुलेलावर. मोगलांच्या अमदानीत राजाश्रय पालटला आणि अर्काला, म्हणजे वाफेने काढलेल्या सुगंधाला, प्राधान्य आले. अबुल फझलने ‘आईन-इ-अकबरी’त खुशबूखान्याचा स्वतंत्र आईन लिहिला आहे, शाह मन्सूर हा त्या कारखान्याचा मुख्य होता, आणि दरबारात अंबर व अगरू यांचा धूप सोन्यारुप्याच्या पात्रांतून अहोरात्र दरवळत असे. सुगंधी द्रव्यांचे भावही तेथे एखाद्या जमाखर्चनिसाच्या चोखपणाने नमूद आहेत. गुलाबाच्या अत्तराविषयी जहांगीर बादशहाने आपल्या आत्मवृत्तात जी हकीकत दिली आहे ती अशी, की नूरजहानची आई अस्मत बेगम गुलाबपाणी काढीत असता गरम गुलाबपाणी ज्या थाळ्यांत ओतले जाई, त्यांच्या पृष्ठभागावर एक साय धरलेली तिला दिसली; ती तिने थोडी थोडी करून गोळा केली, आणि तिचा एक थेंब तळहातावर चोळला तरी सारी मजलस दरवळून जाई. सलीमा सुलतान बेगमेने त्या द्रव्याला बादशहाचेच नाव दिले, आणि बादशहाने अस्मत बेगमेस मोत्यांचा कंठा बक्षीस दिला. गुलाबाचे तेल जगात इतरत्र त्याआधी ठाऊक नव्हते असे यावरून सिद्ध होत नाही. पण एका गृहिणीच्या बारीक नजरेची नोंद बादशहाच्या लेखणीने व्हावी, ही घटना मला त्या कंठ्याहून मोलाची वाटते.

आता ज्या रीतीने कनौजात अत्तर उतरते ती रीत जवळून पाहिली पाहिजे, कारण या व्यवसायाचे सारे मर्म तिच्यात आहे. चैती गुलाब सूर्य वर येण्याच्या आत खुडला जातो आणि पोत्यांतून भट्टीवर येतो. ऊन चढले की त्याचा गंध उडू लागतो म्हणून ही घाई. तांब्याच्या मोठ्या हंड्याला तेथे ‘देग’ म्हणतात. तिच्यात पाकळ्या व पाणी घालून वर ‘सरपोस’ म्हणजे झाकण बसवितात, आणि ओल्या मातीत कापूस कालवून केलेल्या लगद्याने त्याची फट लिंपून टाकतात. देगेच्या तोंडातून ‘चोंगा’ नावाची वेळूची नळी निघते. तिला सुतळीचे घट्ट वेढे दिलेले असतात, जेणेकरून वाफेने वेळू तडकू नये आणि उष्णता बाहेर जाऊ नये. या चोंग्याचे दुसरे टोक ‘भपक्या’त, म्हणजे लांब मानेच्या तांब्याच्या सुरईत, उतरविलेले असते, आणि तो भपका पाण्याच्या कुंडीत, ‘गच्ची’त, बुडवून ठेवलेला असतो. खाली लाकडाचा व शेणगोवऱ्यांचा जाळ. या सगळ्या रचनेत तापमापक नाही, दाब मोजण्याचे यंत्र नाही. कारागीर गच्चीतल्या पाण्यात हात घालतो, भपक्याच्या गोल पोटावरून तळवा फिरवितो, आतला आवाज कान देऊन ऐकतो, आणि किती वाफ उतरली हे त्याला समजते. भपका बदलण्याची वेळ आली की तो ओल्या फडक्याने देगेचे अंग पुसून घेतो, म्हणजे उकळी क्षणभर बसते.

आणि या भपक्यात आधीपासून काय भरलेले असते? चंदनाचे तेल. गुलाबाची वाफ त्यात येऊन निवते, तिच्यातला सुगंध चंदन आपल्या अंगी मुरवून घेते, आणि उरलेले पाणी तळाशी बसते. दुसऱ्या दिवशी ते पाणी भपक्याच्या तळाच्या छिद्रातून काढून पुन्हा देगेत घालतात, नव्या फुलांची भर टाकतात, आणि त्याच चंदनावर पुन्हा नवा वास चढवितात. असे दिवसामागून दिवस चालते. उंची मालाला पंधरा-पंधरा दिवसही लागतात. शेवटी तयार झालेले अत्तर चामड्याच्या कुप्यांत भरून उन्हात ठेवतात, कारण चामड्याच्या रंध्रांतून राहिलेला पाण्याचा अंश निघून जातो आणि तेल तेवढे आत राहते. चंदनाचा आधार न घेता फुलांचे वा मुळांचे निव्वळ तेल काढले तर त्यास ‘रूह’ म्हणतात. रूह गुलाब आणि रूह खस ही त्यांपैकी मानाची नावे, आणि ती इतकी दुर्मीळ व महाग, की बाजार चालतो तो आधारावरील अत्तरांवरच.

चंदनच का, या प्रश्नाचे उत्तर रसायनशास्त्र सरळ देते. फुलांचे गंधकण हलके व चंचल असतात. चंदनाच्या तेलातील संतालोल ही द्रव्ये जड असून अतिशय मंदगतीने उडतात, आणि आपल्याबरोबर हलक्या गंधकणांनाही धरून ठेवतात. शिवाय चंदनाचा स्वतःचा वास सौम्य असल्यामुळे तो फुलावर कुरघोडी करीत नाही. पहिल्या तासाला गुलाब बोलतो, आणि गुलाब थकला की चंदन त्याची बाजू सांभाळून घेते. उंची अत्तर कपड्याच्या घडीत वर्षभर टिकते ते या गुणामुळे.

महाराष्ट्राचा या मालाशी संबंध आला तो दरबारातून. अठराव्या शतकाच्या मध्यावर अंतर्वेदीत, म्हणजे गंगा-यमुनेच्या दुआबात, मराठ्यांचे अंमलदार बसले आणि उत्तरेकडील रीतिरिवाज, पोशाख व चैनीच्या जिनसा पुण्यास येऊ लागल्या. भेटीचा समारंभ झाल्यावर अत्तरगुलाब आणि पानसुपारी होऊन दरबार बरखास्त होई. परकी वकील कितीही मोठा असला तरी अत्तरदाणी पुढे आली की त्याने निरोपाची वेळ झाली असे समजावे, असा तो अलिखित कायदा होता. कोणास स्वतः मालकाने अत्तर लावावयाचे आणि कोणास कारभाऱ्याच्या हातून द्यावयाचे, यातही मानपानाचा बारीक तोल सांभाळावा लागे. दरबार मोडले, पण ही रीत घराघरांत उतरली. मनगटाच्या मागच्या बाजूस अत्तराचे बोट लावून गुलाबदाणीने पाणी शिंपडावयाचे, हा हळदीकुंकवाचा व लग्नातील स्वागताचा विधी त्याच दरबारी शिष्टाचाराचे गृहस्थी रूप होय. वाड्यातील मंडळी कानाच्या पाळीत अत्तराचा फाया ठेवीत, तर खेड्यापाड्यांत अत्तार आठवड्याच्या बाजारी आणि जत्रेस आपली पेटी घेऊन बसे. पुढे संगीत रंगभूमीने सुगंधाला आणखी एक आश्रयस्थान दिले. बालगंधर्वांच्या नाटक मंडळीच्या खेळांना नाट्यगृह अत्तराने घमघमत असे, हे सांगणारे जुने रसिक परवापरवापर्यंत आपल्यात होते. भरजरी शालू, अस्सल दागिने आणि अत्तराचा दर्प यांनी प्रेक्षकांना भारून टाकण्याची किमया मराठी माणसाने दूरचित्रवाणी येण्यापूर्वी कित्येक वर्षे अनुभवली होती.

अशा रीतीने पुण्यात जे मनगटावर लागे, लखनौत जे नबाबाच्या अंगरख्यावर शिंपडले जाई, आणि कनौजात जे उतरे, त्या सर्वाचा आधार दक्षिणेतील म्हैसूरच्या रानात वाढत होता. १७९२ साली टिपू सुलतानाने चंदन हा राजवृक्ष ठरविला, आणि त्याच्यानंतर आलेल्या राजवटींनी ही मक्तेदारी सोडली नाही. रयतेच्या मिराशी जमिनीत, अगदी परसात चंदन उगवले तरी त्याचा मालक सरकार. झाडाला काही इजा झाली तर जाब मात्र शेतकऱ्याला द्यावा लागे. परिणाम व्हावयाचा तोच झाला: शेतकरी चंदनाचे रोप दिसताच त्रास नको म्हणून ते उपटून टाकू लागला. त्यातही चंदन हे परोपजीवी झाड. शेजारच्या झाडांच्या मुळांत आपली मुळे रुतवून ते पोषण घेते, त्यामुळे बागेसारखी त्याची लागवड करणे मुळातच अवघड. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस कूर्गमध्ये ‘स्पाइक’ नावाचा रोग चंदनावर दिसून आला आणि पुढे त्याने असंख्य झाडे खाल्ली. झाडाचे रक्षण व्हावे म्हणून केलेला कायदा झाडाच्या वाढीच्या आड आला, हा माझ्या मते आपल्या वनव्यवस्थेच्या इतिहासातील फार मोठा दोष आहे. आणि त्याचा दंड शेकडो कोसांवरील कनौजच्या भट्टीवाल्यांनी भरला.

पहिले महायुद्ध सुरू झाले तेव्हा म्हैसूरचे चंदन, जे तेल काढण्यासाठी जर्मनीस जात असे, ते जागच्या जागी पडून राहिले. दिवाण विश्वेश्वरय्या आणि महाराज कृष्णराज वडियार यांनी त्या संकटातून उद्योग उभा केला. १९१६ पासून संस्थानातच सरकारी कारखान्यात तेल निघू लागले, आणि त्यातूनच थोड्या काळात म्हैसूर सँडल साबण बाजारात आला. संस्थानच्या दृष्टीने हे पाऊल दूरदर्शीपणाचे होते यात शंका नाही. परंतु जे तेल भपक्यात पाहुण्यांची वाट पाहत बसे, त्यावर आता साबणाचा हक्क सांगितला जाऊ लागला.

दुसरा आघात युरोपातून आला. १८६८ साली विल्यम पर्किनने कुमारिन प्रयोगशाळेत बनविले, काही वर्षांत व्हॅनिलीन आले, आणि १९२१ साली बाजारात आलेल्या शनेल नंबर ५ ने कृत्रिम अल्डिहाइडांना थेट शृंगाराच्या सिंहासनावर बसविले. मद्यार्कात विरघळविलेली ही विलायती सेंटे स्वस्तही होती आणि नवेपणामुळे प्रतिष्ठितही. गाझीपूरचे गुलाबाचे मळे, ज्यांचे वर्णन बिशप हेबरने १८२४ च्या प्रवासात केले होते, हळूहळू ओसरले. कनौज टिकले, कारण त्याचे एक नवे गिऱ्हाईक उभे राहिले होते: जर्दा, किमाम आणि पुढे गुटखा बनविणारा कारखानदार. गेल्या शतकाच्या उत्तरार्धात केवड्याचे, गुलाबाचे, खसाचे अत्तर मनगटावर जितके गेले त्यापेक्षा कितीतरी अधिक ते तंबाखूत गेले. जे द्रव्य राजाच्या भेटीचा सन्मान होते ते थुंकीत जावे, हे पाहून मन विषण्ण होते. पण त्याच वेळी हेही मान्य केले पाहिजे की या मागणीवाचून कित्येक भट्ट्या कधीच विझल्या असत्या. म्हणूनच २०१२ साली महाराष्ट्राने आणि इतर राज्यांनी लोकांच्या आरोग्यासाठी गुटख्यावर बंदी घातली तेव्हा, तो निर्णय सर्वथा योग्य असूनही, त्याचा हिसका कनौजच्या बाजारपेठेला बसला.

चंदनाचे भाव मात्र चढतच गेले. विसाव्या शतकाच्या शेवटच्या दशकांत ते अशा पातळीस पोहोचले की बहुसंख्य भपक्यांतून चंदन निघून गेले आणि त्याच्या जागी द्रवरूप पॅराफिन आले. पॅराफिनला स्वतःचा वास नाही, म्हणून फूल कदाचित अधिक ठळक उमटते. पण त्याला फुलाला सांभाळून घेता येत नाही. देग तीच, भपका तोच, गच्चीत हात घालून पाणी जोखणारा माणूस तोच, आणि तरीही उतरते ते निराळे द्रव्य. १९९१ साली कनौजास सुगंध व स्वाद विकास केंद्र स्थापन झाले, पुढे कनौजच्या अत्तरास भौगोलिक मानांकनही मिळाले; ही दोन्ही कामे आवश्यकच होती. गावाचे नाव त्यामुळे सुरक्षित झाले. आधार परत मिळविण्याचा प्रश्न तेवढ्याने सुटणारा नव्हता.

मातीच्या अत्तराचे उदाहरण या संदर्भात बोलके आहे. कडक उन्हात तापलेल्या जमिनीवर पहिली सर आली म्हणजे जो वास सुटतो, तो धरून ठेवण्यासाठी कनौजचे कारागीर सुक्या तळ्याची माती आणून, ती भाजून, तिचे ढेकूळ देगेत घालतात, आणि त्याची वाफ चंदनावर उतरवितात. १९६४ साली इझाबेल बेअर आणि टॉमस या ऑस्ट्रेलियातील शास्त्रज्ञांनी ‘नेचर’ नियतकालिकात या वासाची चिकित्सा प्रसिद्ध केली, तेव्हा आपल्या आधी हिंदुस्थानातील अत्तरवाल्यांनी तो पकडलेला आहे याची नोंद त्यांना घ्यावी लागली. मातीच्या वासात मुळातच भरीवपणा कमी. चंदनाने दिलेली खोली काढून घेतली तर तो काही वेळातच विरून जातो. म्हणून जाणती गिऱ्हाइके हे एक अत्तर तरी चंदनावरचेच मागतात, आणि काही जुन्या पेढ्या मागणीप्रमाणे ते अद्याप करून देतात.

२००१ साली कर्नाटकाने कायदा पालटला आणि खासगी जमिनीतील चंदनावर जमीनमालकाचा हक्क मान्य केला. दुसऱ्या वर्षी तमिळनाडूने तसेच केले. टिपूच्या हुकुमानंतर दोनशे वर्षांहून अधिक काळाने शेतकऱ्याला आपल्या बांधावर हे झाड निर्भयपणे लावता येऊ लागले. तोपर्यंत पश्चिम ऑस्ट्रेलियातील कुनुनुरा येथे याच हिंदी चंदनाचे मळे शिस्तीने उभे राहू लागले होते, आणि पुढे जागतिक बाजारात त्यांचे तेल मोठ्या प्रमाणावर आले. चंदनाच्या खोडातील तेलाचा गाभा पुरेसा भरावयास पंधरा-वीस वर्षे लागतात, आणि जाणते लोक त्याहूनही अधिक थांबतात. कायदा बदलल्यावर आपल्याकडे जी रोपे लागली, त्यांतील पहिली आता कोठे तोडीच्या वयास येत आहेत. त्यांचे तेल साबणाकडे किती जाते, परदेशी किती जाते आणि कनौजच्या भपक्यापर्यंत किती पोहोचते, हे पुढल्या दहा वर्षांच्या बाजारभावांत दिसेल.